वऱ्हाडची गाडी कोणत्या मापाची?

मित्रांनो, 'मॉडेल रेल्वे' हा शब्द आपल्या कॅन्टीनमध्ये उच्चारून बघा. पहिलं उत्तर येतं, "म्हणजे जत्रेतली चावीची गाडी का बे?" दुसरं उत्तर असतं, "केवढ्याले पडते?" तिसरा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही, आणि सगळी गंमत त्या तिसऱ्या प्रश्नातच आहे. तो प्रश्न असा: गाडी किती पटीने लहान करायची, आणि ती कोणत्या रुळावर चालवायची?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर म्हणजे स्केल, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे गेज. दुकानदारापासून छंदिष्टांपर्यंत सगळेच हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि नवख्या माणसाचा पार गोंधळ उडतो. आपल्या होस्टेलच्या रूममध्ये आम्ही तिघांनी एक मॉडेल बनवायला घेतलं आहे. रूळ, चाकं असं काहीही विकत घ्यायच्या आधी आमचे तीन आठवडे या दोन शब्दांच्या भांडणात गेले. ते भांडण तुमच्याही कामाला येईल म्हणून हा लेख.

भांडण होणारच होतं, कारण आम्ही तिघं तीन गेजचे! मी अकोल्याचा, त्यामुळे माझा जीव मीटरगेजवर. एक रूममेट बडनेऱ्याचा, त्याला मुंबई-नागपूर मेन लाइनशिवाय दुसरी रेल्वे माहीत नाही. तिसरा अंजनगाव सुर्जीचा, म्हणजे शकुंतलेचा. एकट्या अकोला जिल्ह्यात एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते. भुसावळ-नागपूर ब्रॉडगेज (ही लाइन १८६७ साली नागपूरला पोचली), अकोल्यावरून एकीकडे खंडव्याला आणि दुसरीकडे पूर्णेला जाणारी मीटरगेज, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला व अचलपूरला फुटणारी नॅरोगेज. भारतात इतक्या थोड्या जागेत हे तिन्ही बघायला मिळावं अशी ठिकाणं फार नाहीत. आपण त्याचं कधी कौतुक केलं नाही ही गोष्ट वेगळी.

आता 'मिळावं' म्हणायची सोय राहिलेली नाही. पूर्णा-अकोला २००८ साली ब्रॉडगेज झाली. अकोला-खंडवा मार्गावरची मीटरगेज गाडी जानेवारी २०१७ मध्ये थांबली, आणि अकोला ते अकोट ब्रॉडगेजवरून गाडी सुरू झाली ती २०२२ मध्ये. शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९९४ साली गेलं, त्याजागी डिझेल आलं, आणि २०२० उजाडेपर्यंत यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद पडल्या होत्या. म्हणजे तीन मापांपैकी दोन मापं आता आठवणीत, फोटोंत आणि गवतात आहेत. मॉडेल करायचं ते यासाठी. आणि म्हणूनच माप चुकलं तर मॉडेलला अर्थ उरत नाही.

चला, आधी व्याख्या उरकू. (व्हायव्हात विचारणार नाहीत, घाबरू नका.)

स्केल म्हणजे प्रमाण. १:८७ म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर मॉडेलमध्ये १ मिलिमीटर होणार. इंजिन, डबा, स्टेशनमास्तर, बाभळीचं झाड, सगळ्यांना हेच प्रमाण लागू. गेज म्हणजे दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर, बस्स. खऱ्या रेल्वेत आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, शकुंतलेची नॅरोगेज ७६२, माथेरानच्या गाडीची त्याहून लहान म्हणजे ६१०. आणि युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी असते ती स्टँडर्ड गेज १४३५. हा १४३५ चा आकडा लक्षात ठेवा, सगळी आफत तिथून सुरू होते.

मॉडेलचे रूळ बाजारात ठरावीक मापांचेच मिळतात. ही शिस्त लावली जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक रुंदीचे रूळ आणि त्यावर चालणाऱ्या गाड्या आणल्या. या मापांना त्यांनी नंबर दिले. १ नंबर ४५ मिलिमीटरचा. पुढे त्याहून लहान ३२ मिलिमीटरचा रूळ आला तेव्हा खाली नंबरच उरला नव्हता, म्हणून तो झाला शून्य नंबर. इंग्रजीत त्या शून्याचा झाला 'ओ'. मग घरं लहान झाली, शून्याचंही अर्धं करावं लागलं, त्याचं नाव पडलं हाफ झिरो, म्हणजेच आजचं एचओ. रूळ १६.५ मिलिमीटर, प्रमाण १:८७. जगात सर्वांत जास्त चालणारं माप हेच. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे (१९९८ पासून लोकांसाठी खुलं), तिथे जे अख्खं शहर धावताना दिसतं ते याच एचओ मापाचं. पुण्याला इंटरव्ह्यूला गेलात तर अवश्य जाऊन या, इंटरव्ह्यूपेक्षा जास्त शिकाल.

एचओच्या खाली टीटी, १:१२० आणि रूळ १२ मिलिमीटर. त्याखाली एन, १:१६० आणि रूळ ९ मिलिमीटर. तळाला झेड, १:२२० आणि रूळ ६.५ मिलिमीटर. तेही मेर्कलिननेच १९७२ मध्ये आणलं. आता कॅल्क्युलेटर काढा आणि रुळाला प्रमाणाने गुणा. १६.५ गुणिले ८७ किती? १४३५. १२ गुणिले १२० किती? १४४०. ९ गुणिले १६० किती? १४४०. झेडला येतात १४३०. बघितलंत? ही सगळी मापं १४३५ साठी बेतलेली आहेत. म्हणजे जर्मन माणूस दुकानात जातो, एचओ मागतो आणि त्याला स्केल आणि गेज यांत फरक करायची गरजच पडत नाही. आपल्याला पडते.

इंग्रजांनाही पडली होती, तेवढी एक गोष्ट सांगून पुढे जातो. ब्रिटनची इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. त्या काळच्या मोटारी १:८७ च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. मग त्यांनी काय केलं, तर इंजिनाचं अंग वाढवून १:७६.२ केलं आणि रूळ तेच १६.५ चे ठेवले. याला ओओ म्हणतात. १६.५ गुणिले ७६.२ म्हणजे १२५७. खऱ्या १४३५ च्या गाडीखाली १२५७ चे रूळ! मोटार मावत नव्हती म्हणून केलेली तडजोड, पण पुढे मोटारी कितीही लहान झाल्या तरी ओओ काही सुटलं नाही. एकदा लोकांनी घरात रूळ टाकले की ते कोण उखडणार? आपल्या सिलॅबससारखंच आहे ते.

आता आपल्या ब्रॉडगेजकडे. १६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६ मिलिमीटर. बाजारात मिळतो १६.५. जवळपास चौदा टक्के अरुंद. बडनेरेवाला म्हणाला, "मग एन घेऊ." एनमध्ये हवेत १०.४८, मिळतात ९. परत चौदा टक्के. टीटी घ्या, झेड घ्या, चौदा टक्के काही हलत नाहीत. कारण चूक स्केलची नाहीच, ती १४३५ आणि १६७६ या दोन आकड्यांमधली आहे. स्केल बदलून ती जाणार कशी? ओओ घेतलं तर आणखी वाईट. तिथे आपल्या ब्रॉडगेजला बरोबर २२ मिलिमीटर हवेत आणि पायाखाली येतात १६.५, म्हणजे चौथाईच गेली.

चौदा टक्क्यांनी काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. कागदावर काही नाही. पण आपला आयसीएफचा निळा डबा ३२४५ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे एचओमध्ये सव्वासदतीस. तो १६.५ वर ठेवून समोरून बघा. पोट सुटलेल्या माणसाने पाय जुळवून उभं राहावं तसा दिसतो. भारतात मॉडेल बनवणारे बरेच जण ही तडजोड पत्करतात, कारण तयार इंजिनांच्या चेसिस, पॉइंट, क्रॉसिंग सगळं १६.५ चंच मिळतं. गाडी बाजूने धावताना दिसते, समोरून थोडीच बघतो आपण, असा त्यांचा युक्तिवाद. फक्त ब्रॉडगेजच दाखवायची असेल तर मलाही तो मान्य आहे.

जागेचा हिशेब मात्र इथेच करून टाका, कारण स्केल ठरवताना बजेटच्या आधी खोली बघायची असते. आयसीएफ डबा बफरसकट २२.३ मीटर. एचओमध्ये साडेपंचवीस सेंटिमीटर, एनमध्ये १४. अठरा डब्यांची गाडी एचओमध्ये साडेचार मीटरच्या वर जाते, म्हणजे इंजिन लावायच्या आधीच ती आपल्या रूमच्या दारातून व्हरांड्यात निघेल. त्याहून वाईट म्हणजे वळण. एक ढोबळ नियम आहे: सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट तरी वळणाची त्रिज्या असावी, नाहीतर डबे कोपऱ्यावर बाहेर लोंबतात आणि कपलिंग एकमेकांना ओढून रुळावरून पाडतात. एचओत तिप्पट म्हणजे ७७ सेंटिमीटर, म्हणजे नुसतं गोल फिरवायला दीड मीटरहून रुंद फळी. होस्टेलची खाट तीन फूट रुंद. एनमध्ये तोच गोल ८४ सेंटिमीटरमध्ये बसतो, खाटेवर बरोब्बर. म्हणून मेन लाइनची लांब गाडी आणि लहान खोली अशी जोडी असेल तर मी डोळे झाकून एन सांगेन. फक्त प्रेक्षक चष्मा घेऊन आले पाहिजेत.

आता माझी मीटरगेज. इथे नशीब एकदम पालटतं! १००० भागिले ८७ म्हणजे ११.४९. बाजारात टीटीचा १२ मिलिमीटरचा रूळ आहेच. तो १:८७ मध्ये १०४४ मिलिमीटर दाखवतो, चार टक्क्यांची चूक, डोळ्याला कळत नाही. एका स्केलची गाडी, दुसऱ्या स्केलचा रूळ. याला एचओएम म्हणतात. एनमध्येही हीच युक्ती चालते, झेडचा साडेसहाचा रूळ घ्यायचा.

अकोला-खंडवा मार्गावर मेळघाटात धूळघाटचा वेढा होता. चढण चढण्यासाठी लाइन गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जायची. पुढे ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पातून न्यायची की नाही यावरून वाद झाला आणि नवीन मार्ग जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. म्हणजे तो वेढा आता गाडीसाठी नाही. मॉडेलमध्ये मात्र तो अगदी बसतो, बरं का. मीटरगेजचा डबा अंदाजे साडेतीन मीटर उंच, १:८७ मध्ये ४० मिलिमीटर. वरच्या पुलाची जाडी आणि थोडी मोकळी जागा धरून ६० मिलिमीटर चढायचंय. मॉडेलच्या इंजिनाला दोन टक्क्यांचा चढ झेपतो, म्हणजे तीन मीटर रूळ लागेल. तीन मीटर परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या? ४८ सेंटिमीटर. एक मीटरच्या चौकोनात अख्खा धूळघाट! मी हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडून रूममेट्सना दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं की निकाल लागला.

अंजनगाववाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुयी मीटरगेज गेली, पण तिच्या जागी ब्रॉडगेज तं आली ना? माणसं अकोल्याहून अकोटाले आजबी रेल्वेनं जातेत. शकुंतलेच्या जागी काय आलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची आजी पथ्रोटची. पथ्रोट स्टेशनवर चढून ती बहिणीकडे बनोशाला, म्हणजे दर्यापूरला जायची. आता आजीला दिसायला कमी आलंय आणि 'शकुंतला' हा शब्द तिच्या बोलण्यात आठवड्यातून एकदा तरी येतो. तर ठरलं, शकुंतलाच.

मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस मेन लाइनवर आणून टाकायला ही लाइन घातली. कापूस मूर्तिजापूरला उतरायचा आणि तिथून ब्रॉडगेजने मुंबईला. मूर्तिजापूरचं सगळं महत्त्व या उतरवण्या-चढवण्यात आहे. मापं जुळत नव्हती म्हणून हमालांना काम होतं! म्हणजे मॉडेल मूर्तिजापूरचं करायचं तर दोन गेज शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, आणि त्यांच्यातला फरक खरा दिसला पाहिजे. १६७६ भागिले ७६२ म्हणजे २.२. मोठा रूळ लहान रुळाच्या सव्वादोन पट. आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच होता.

नॅरोगेजसाठी दोन रस्ते आहेत. पहिला १:८७ चाच. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एनचा ९ चा रूळ हजर. चूक तीन टक्क्यांच्या आत. (अंजनगाववाला म्हणतो की १:८५ घेतलं तर चूक जवळपास शून्य होते. खरं आहे, पण मग बाजारात मिळणारी १:८७ ची माणसं, बैलगाड्या त्यात चालतात का? चालतात, पावणेसहा फुटी माणसात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. तरीही मी त्याला गप्प केलं, कारण नंतर प्रत्येक मापाला आकडेमोड कोण करणार?) या जोडीला एचओई म्हणतात. मोठी सोय म्हणजे एनच्या इंजिनाची तयार चेसिस घ्यायची आणि वर १:८७ चं अंग स्वतः बनवून बसवायचं. जगभर लोक हेच करतात. वळण २५ सेंटिमीटर त्रिज्येचंही चालतं, त्यामुळे खाटेवर जागाच जागा.

दुसरा रस्ता मोठ्या मापाचा. ओ स्केलला अमेरिकेत १:४८ धरतात. (जर्मनीत १:४५, ब्रिटनमध्ये १:४३.५, रूळ मात्र सगळ्यांचे ३२. एका नावाचे तीन भाऊ, विकत घेताना आधी विचारून घ्या.) १:४८ मध्ये शकुंतलेला पंधरा पूर्णांक नऊ मिलिमीटर हवेत आणि एचओचा साडेसोळाचा, सर्वांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा रूळ तिथे फिट बसतो. यालाच ओएन३० म्हणतात, कारण ७६२ मिलिमीटर म्हणजे तीस इंच. डबा हातात घेण्याजोगा होतो, खिडकीच्या गजापर्यंत काम करता येतं. अंजनगाववाला आजीसाठी यावरच अडून बसला. "तिले दिसलं तं पाह्यजे!"

पण १:४८ मध्ये शेजारची ब्रॉडगेज ३५ मिलिमीटरची होते, तिचा एक डबा ४६ सेंटिमीटरचा. मूर्तिजापूरचं यार्ड मांडायला वर्कशॉपचा शेड लागेल. शेवटी पारडं १:८७ कडे झुकलं. तरी एक अडचण उरलीच. ९ च्या शेजारी बाजारातला १६.५ ठेवला की गुणोत्तर येतं १.८३. खरं आहे २.२. दोन्ही रूळ शेजारी आले की हा फरक लगेच खुपतो: शकुंतला लहान दिसतच नाही, मेन लाइन मोठी दिसतच नाही.

तोडगा बडनेरेवाल्याने काढला, श्रेय त्याचं त्याला देतो. तो म्हणाला, आपण चालवणार शकुंतला. ब्रॉडगेजवर फक्त दोन मालडबे उभे राहणार, कापूस भरायला. तिथे मोटार नाही, पॉइंट नाही, तर तयार रुळाची गरजच काय? हाताने १९.२६ चा रूळ टाकू! १९.२६ भागिले ९ म्हणजे २.१४. बसलं.

हाताने रूळ टाकणं आपल्यासारख्यांना सोपं आहे. पीसीबीची तांब्याची पट्टी असते ना, तिचे स्लीपर कापायचे आणि रूळ त्यावर सोल्डर करायचा. खऱ्या ब्रॉडगेजचा स्लीपर २.७५ मीटर लांब, म्हणजे १:८७ मध्ये साडेएकतीस मिलिमीटर, रुंदी तीनला थोडी कमी. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर दोन स्लीपरमध्ये जवळपास सात मिलिमीटर अंतर येतं. आम्हाला ६० सेंटिमीटर लाइन हवी होती, म्हणजे ८७ स्लीपर. (१:८७ साठी ८७ स्लीपर, हा निव्वळ योगायोग.) लेथवर पितळेचा एक ठोकळा करून त्यावर १९.२६ अंतरावर दोन खाचा पाडल्या, त्यात रूळ धरायचे आणि सोल्डर करत पुढे सरकायचं. ज्यांना पुढे या रुळावर वीज सोडायची असेल त्यांनी प्रत्येक स्लीपरच्या मधोमध तांब्यात एक चीर पाडावी, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट.

रुळाच्या उंचीलाही माप असतं, त्याला कोड म्हणतात. कोड १०० म्हणजे उंची एक दशांश इंच, २.५४ मिलिमीटर. एचओमध्ये हा रूळ २२१ मिलिमीटर उंचीचा दिसतो. मेन लाइनचा ६० किलोचा रूळसुद्धा १७२ मिलिमीटरच असतो. त्यामुळे शक्य असेल तर कोड ८३ घ्या, आणि शकुंतलेला त्याहून बारीक. जाड रुळावर नॅरोगेज म्हणजे किडकिडीत माणसाच्या पायात गमबूट.

आता एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत दोन ओळींत संपते आणि वऱ्हाडात दोन पानं घेते, ती म्हणजे ऊन. मॉडेलचे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. एका मीटरमागे दर अंशाला तो साधारण ०.०१६५ मिलिमीटर वाढतो. जानेवारीतली १० अंशांची रात्र आणि मे महिन्यातली ४३ अंशांची दुपार यांत ३३ अंशांचा फरक. मीटरला अर्धा मिलिमीटरहून जास्त. चार मीटर अखंड रूळ असेल तर दोन मिलिमीटर, आणि तेवढ्याने लाइन सरळ सापासारखी वळते. रूळ मे महिन्यात टाकले तर सांधे जवळ ठेवा, थंडीत टाकले तर प्रत्येक सांध्यात फट सोडा. खाली प्लायवूड असेल तर पावसाळ्यात तेही फुगतं, म्हणून दोन्ही बाजूंनी रंग द्या. फळीच्या फक्त वरच्या बाजूला रंग दिला तर ओल खालून शिरते आणि फळी वाकते.

वेगाचं माप लोक विसरतात. शकुंतला ताशी २० ने चालते असं धरलं तर १:८७ मध्ये ती सेकंदाला सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर सरकली पाहिजे, गोगलगायीच्या थोडी पुढे. साध्या १२ व्होल्टच्या सप्लायवर रेग्युलेटर फिरवून इतक्या हळू मोटार चालत नाही, ती अडखळते आणि मग एकदम उडी मारते. ५५५ आयसीचं पीडब्ल्यूएम सर्किट करा, दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये केलंच असेल. आणि इंजिन जड करा. ११२ टनांचं ब्रॉडगेज इंजिन १:८७ मध्ये घनाच्या हिशेबाने १७० ग्रॅमचंच होतं, एनमध्ये सव्वासत्तावीस. लहान स्केलची गाडी चढावर का घसरते याचं उत्तर तिथे आहे. शिशाचे तुकडे पोटात भरायचे, दुसरा इलाज नाही.

डब्यांच्या मापांसाठी आम्ही नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाणार आहोत, तिथे नॅरोगेजचे खरे इंजिन आणि डबे उभे आहेत. ज्यांना स्वतःच्या गावची लाइन करायची असेल त्यांना माझा आग्रह आहे की रूळ, फलाट, सिग्नल जे काही शिल्लक असेल ते परवानगी काढून आधी मोजून घ्या आणि मॉडेल नंतर कधीही करा. टेप, वही आणि मोबाइलवर फोटो, एवढंच लागतं. फोटो काढताना फ्रेममध्ये एक मीटरची काठी उभी धरा, म्हणजे पुढे कोणत्याही स्केलला तो फोटो उपयोगी पडेल.

आजीचा प्रश्न मात्र १:८७ ने सुटत नव्हता. तिला तो डबा म्हणजे बोटाच्या पेराएवढं काहीतरी, दिसणारही नाही आणि हाताला कळणारही नाही. म्हणून अंजनगाववाल्याने वेगळा एक डबा १:४८ मध्ये करायला घेतला आहे, फूटभर साडेसोळाच्या रुळावर, नुसता उभा ठेवायला. खिडक्यांचे गज तारेचे आहेत, दार उघडतं, आत लाकडी बाकं बसवली आहेत. रंग अजून दिलेला नाही. डब्याला कोणता रंग होता यावर पथ्रोटच्या आजीचं आणि बनोशाच्या बहिणीचं फोनवर भांडण सुरू आहे.